बिरूआबांची सिनेमाची फेरी

जत्रेची बातमी दरवर्षी तीच असते, फक्त तिथी बदलते, एवढं एकच ज्ञान मी पत्रकारितेत पहिल्या दोन वर्षांत मिळवलं होतं. त्याच्या जोरावर अठ्ठ्याण्णवच्या वैशाखात मी कळसच्या जत्रेची बातमी लिहिली. लिहिली म्हणजे बारामतीच्या आमच्या साप्ताहिकाच्या कपाटातून एक जुना अंक काढला, तिथी आणि वार बदलले, छबिन्याची वेळ तशीच ठेवली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. अंक नेमका किती जुना आहे ते बघायचं राहिलं. तो चार वर्षांपूर्वीचा निघाला.

चार वर्षांत जत्रेत तसा फार फरक पडला नव्हता. पाळणे तेच, कुस्त्या त्याच, शेव-रेवडीची दुकानं त्याच ओळीत. घोटाळा एका वाक्यात झाला. ‘दरवर्षीप्रमाणे यंदाही बिरूआबा यांची सिनेमाची फेरी हे जत्रेचे खास आकर्षण राहील.’ फेरी बंद होऊन तीन जत्रा झाल्या होत्या, आणि तिच्यासाठी हळहळणाऱ्यांत मी स्वतः होतो. तरी हात लिहून गेला. हाताला हळहळ नसते.

सिनेमाची फेरी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे बसून बघायचा सिनेमा तंबूत यायचा. बिरूआबांच्या सिनेमात तुम्ही बसायचात गाडीत, आणि गाडी सिनेमातून जायची. कारखान्याच्या भंगारात निघालेले ट्रॉलीचे रूळ त्यांनी मिळवले होते. त्यावर चार माणसं बसतील अशी चाकं लावलेली एक पेटी. वरून ताडपत्री आणि गोणपाट शिवून केलेला लांबलचक अंधारा बोगदा. आत दोन्ही बाजूंना रंगवलेले पडदे आणि मधे मधे कंदील. आधी डाकूंची दरी लागायची. मग काश्मीर. मग खलनायकाचा अड्डा. तिथं लाल कागद लावलेला कंदील होता आणि ट्रॅक्टरच्या फाटक्या टायरची मगर. अड्ड्यातून गाडी जी सुसाट निघायची ती थेट उन्हात, कुस्त्यांच्या फडाशेजारी.

काश्मीरचा बर्फ लोकरीचा होता. बिरूआबांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. मेंढरांचा फिरता वाडा मोडला, जमीन कसायला घेतली, तरी आठ-दहा मेंढरं दावणीला राहिली होती. त्यांच्या कातरणीची पांढरी लोकर पिंजून काश्मीर व्हायचं. मी बारा वर्षांचा असताना त्या बर्फात पहिल्यांदा गेलो. अजूनही पडद्यावर नायक-नायिका बर्फात लोळायला लागले की मला मेंढराचा वास येतो आणि त्या दोघांना तो कसा येत नाही याचं नवल वाटतं.

आणि आवाज. दरीत घोड्याच्या टापा वाजायच्या. काश्मीरमध्ये गाडी थांबायची आणि कानाजवळून वारा जायचा. मग अंधारातून ते हसू यायचं. भिगवणपासून इंदापूरपर्यंत तसं राक्षसी हसू दुसरं नव्हतं. पोरं आयांना बिलगायची आणि दोन-तीन आयाही कुणाकुणाला बिलगलेल्या मी बघितल्यात. तो आवाज टेपचा आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

फेरी बंद का झाली, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. घरोघरी टीव्ही आला, केबल आली, आता कोण बसतंय पेटीत. हे मीच एका लेखात मोठ्या दुःखाने लिहिलं होतं.

अंक सोमवारी आला. बुधवारी बिरूआबा भिगवणला स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलात माझ्यासमोर येऊन बसले. साठीचा माणूस, पण ताठ. पांढरं पागोटं, सुरळी करून अंक काखेत. मी उभा राहिलो. त्यांनी बस म्हणून हात केला, आपल्या घरी बसवतात तसा.

“तुमीच का ते राजवर्धन?”

होय म्हणालो. नाव एवढं मोठं आणि माणूस एवढाच, असं त्यांच्या तोंडावर दिसलं, पण बोलले नाहीत. चहा आला. बशीत ओतून त्यांनी तो संपवला आणि मग हळू आवाजात सांगायला लागले. मी शिव्या खायच्या तयारीने बसलो होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते हसू टेपचं नव्हतं. ते सारजाआत्यांचं होतं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. टापा, वारा, हसू, सगळं त्याच करायच्या. आतल्या पडद्यामागून त्या गाडीच्या एक पाऊल पुढे चालायच्या. बिरूआबा बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाबाहेर, रहाटावर. मोटेचा जुना नाडा गाडीला बांधलेला, तो रहाटावर गुंडाळत गाडी ओढायची. त्यांना आतलं काही दिसायचं नाही. टापा वाजल्या म्हणजे हळू ओढायचं. वारा आला की थांबायचं. हसू आलं की जोर लावायचा. दोघांनी तरुणपणी मेंढरं अशीच वळवली होती, एकाने कळपाच्या पुढून आवाज द्यायचा आणि दुसऱ्याने मागून चालवायचं. तीच रीत गाडीला लावली.

पंच्याण्णवच्या थंडीत सारजाआत्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा अर्धी राहिली. त्या वर्षी जत्रा आली तेव्हा कुणीतरी सुचवलं, की टेप आणा.

“टेपला काय कळतंय गाडी कुठं आलीया,” बिरूआबा म्हणाले.

मी मान हलवली. मग ते मूळ गोष्टीवर आले. आपल्यामुळे फेरी थांबली हे सारजाआत्यांच्या मनाला लागू नये, म्हणून त्यांनी तिला सांगितलं होतं की लोकच येत नाहीत, टीव्ही बघत बसतात. तीन वर्षं ते हेच सांगत आले होते. जत्रेच्या दिवशी तिला दार लोटून आत बसवायचे आणि स्वतःही जायचे नाहीत. तिलाही ते पटलं होतं. माझा तो दुःखी लेख त्यांनी तिला वाचूनसुद्धा दाखवला होता.

“आता काल चार जण दारात आली. फेरी कवा लावणार म्हणून. ती आत झोपली हुती म्हणून निभावलं. शुक्रवारी जत्रा. सगळी आली तर तिला काय सांगू म्या?”

मी म्हणालो, दुरुस्ती छापतो. दुरुस्ती सोमवारी येणार होती आणि जत्रा शुक्रवारी. हे गणित माझ्याआधी त्यांनी केलेलं होतं.

“छापू नका काय. तुमी नुसतं फाट्यावर हुबं ऱ्हावा.”

म्हणून शुक्रवारी सकाळी आठपासून मी कळसच्या अलीकडे, बिरूआबांच्या वस्तीकडे वळणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी, एका बाभळीखाली उभा होतो. तोवर मला वाटत होतं की आमचं साप्ताहिक कुणी वाचत नाही. त्या दिवशी तो गैरसमज दूर झाला. सायकली आल्या, बैलगाडी आली, एम-एटीवरून तिघं आले. सगळ्यांना फेरी हवी होती. मी सांगत होतो की यंदा नाही, गाडीचं चाक गेलंय. दुपारपर्यंत चाकाचा आस गेला, मग रूळ वाकले, मग बिरूआबा गावाला गेले. लोक हळहळायचे आणि जायच्याऐवजी तिथंच सावलीला बसून आठवणी काढायचे. एक बाई सांगत होती की लग्न ठरायच्या आधी नवरा पहिल्यांदा तिला त्या काश्मीरमध्येच दिसला, समोरच्या बाकावर, आणि अंधारामुळे बरा दिसला. तिचा नवरा शेजारी उसाचं कांडं सोलत ऐकत होता.

“मला तर त्या अंधारात काय दिसलंच न्हाय,” तो म्हणाला. “म्हणून तर हुकार दिला.”

तीनच्या सुमाराला डाळज गावची जीप आली. जीपमध्ये आप्पासाहेब होते. मोठे बागायतदार, गावच्या सोसायटीचे चेअरमन, शंभर किलोच्या वर वजन आणि त्यावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. शेजारी नात सुकन्या, पाच-सहा वर्षांची. मी जीपला आडवा गेलो आणि चाकाची गोष्ट सुरू केली.

“चाक गेलं तर बिरू तरी आसंल का न्हाय? भेटून येतो,” ते म्हणाले, आणि जीप माझ्या अंगावर धूळ उडवून आत गेली. मी मागे पळालो. झाडाखाली बसलेल्यांना वाटलं की रस्ता मोकळा झाला. तेही निघाले.

मी पोचलो तेव्हा बिरूआबा अंगणात हात जोडून उभे होते आणि आप्पासाहेब त्यांना दमात घेत होते. दार उघडं होतं. दारातल्या बाजेवर सारजाआत्या बसल्या होत्या. वाळलेल्या, पण डोळे असे की बाकी तोंडाचं काम तेच करत असावेत.

आप्पासाहेब माणूस वाईट नाही. आवाज मोठा. त्यांनी सरळ त्यांच्याकडे वळून तक्रार मांडली. “तुमीच बगा सारजाबाई. तीन वरसं झाली आमी इचारतोय, हा बाबा फेरी लावत न्हाय. गेल्या जत्रेला निम्मी डाळज हितनं माघारी गेली.”

बिरूआबा पायाकडे बघायला लागले.

“लोकं…” सारजाआत्या म्हणाल्या. एकेक शब्द त्यांना आतून ओढून काढावा लागत होता. “येत… हुती?”

“टीव्हीमुळं…” बिरूआबा कसंबसं म्हणाले.

“कसला टीव्ही?” आप्पासाहेब म्हणाले. “माझ्या गच्चीवर छत्री लावलीया, पन्नास चॅनेल दिसत्यात. तरी आलोय का न्हाय?”

मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर चाललं असतं, पण ती उन्हाने आधीच दुभंगलेली होती आणि तिच्यात माझा अंगठासुद्धा मावला नसता. सारजाआत्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्या रडतील असं वाटलं. त्या चिडल्या होत्या.

“माझ्यापायी… बंद केली.”

बिरूआबांनी नाही म्हणून मान हलवली नाही, म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं.

“मला… इचारलं न्हाय.”

एवढंच त्या बोलल्या. बिरूआबांनी पागोटं काढलं, परत घातलं. तीन वर्षं ज्या शब्दांना ते घाबरत होते ते हे नव्हतेच. फेरी बंद झाली याचं तिला दुःख असेल असं त्यांनी धरलं होतं. आपल्याला न विचारता झाली, हे दुखेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पोटात ठेवलेली गोष्ट उघडी पडल्यावर माणसाचं तोंड होतं तसं त्यांचं झालं.

मग सारजाआत्यांनी डाव्या हाताने गोठ्याकडे बोट केलं.

“काढा.”

काढायला फार काही उरलेलं नव्हतं. पेटी कोंबड्यांची झाली होती. रूळ गोठ्याच्या छपराला आडवे गेले होते. पाच-सहा जणांनी ते उतरवून अंगणात तीस-चाळीस पावलं मांडले. ताडपत्री कांद्याच्या ढिगावर होती आणि कांद्याला ऊन लागू द्यायला कोण तयार होणार. म्हणून बोगदा नाही. डाकूंची दरी आणि अड्डा यांचे पडदे धान्याच्या कणग्यांमागे सापडले. उंदरांनी डाकूंचे घोडे खाल्ले होते, डाकू तेवढे शाबूत होते. पडदे दोन उभ्या केलेल्या बाजांना टांगले. राहिलं काश्मीर.

“लोकर कुठंय आबा?” मी विचारलं.

बिरूआबांनी बाजेकडे बघितलं. सारजाआत्यांनी बसल्या जागी गादी थोपटली. डॉक्टरने मऊ अंथरूण सांगितलं होतं, तेव्हा सगळं काश्मीर बिरूआबांनी गादीत भरलं होतं. तीन वर्षं त्या बर्फावर झोपत होत्या. सारजाआत्यांनी हुकूम केला, गादीची एक शिवण उसवली, आणि चौघांनी त्यांना बाजेसकट उचलून रुळांशेजारी मध्यावर, जिथं बर्फ लागायचा तिथं नेऊन ठेवलं. भोवतीने लोकर पसरली. वास तोच आला. त्यात माझी लाज किती आणि माझं लहानपण किती, हे सांगता येणार नाही.

त्यांच्या डाव्या हाताशी एक दगड आणि एक करवंटी दिली. बिरूआबा रुळांच्या टोकाला रहाटावर जाऊन उभे राहिले. माझ्याकडे शिक्षा म्हणून काम आलं, प्रत्येक फेरीनंतर रिकामी गाडी मागे ढकलून आणायची. भर उन्हात, उघड्या अंगणात सगळं दिसत होतं. गाडी दिसत होती, नाडा दिसत होता, मगर तर टायरसारखीच दिसत होती. बिरूआबांनाही नुसती मान वळवली असती तर गाडी कुठं आलीय ते दिसलं असतं. त्यांनी गाडीकडे पाठ केली आणि शेवटपर्यंत मान वळवली नाही.

पहिल्या फेरीत सुकन्या आणि आणखी तिघं पोरं बसली. करवंटी दगडावर वाजली, टक टक, टक टक. एका हाताचा घोडा थोडा लंगडत होता. रहाट कुरकुरला, गाडी हलली. बाजेजवळ आली तशी सारजाआत्यांनी ओठ पुढे केले. ओठांची एकच बाजू पुढे आली, आणि त्या फटीतून वारा असा काही निघाला की धडधाकट तोंडाने तो कधी निघाला नसेल. गाडी थांबली. मग त्यांनी मान मागे टाकली. आम्ही सगळे त्या जुन्या हसण्याची वाट बघत होतो. जे आलं ते दुसरंच होतं. कोरड्या कप्पीवरून नाडा घासावा तसा खरखरीत, तुटक आवाज, मधेच थांबून पुन्हा उचललेला. मोठी माणसं इकडेतिकडे बघायला लागली. गाडीतली पोरं मात्र एकमेकांना घट्ट धरून बसली. बिरूआबांनी आवाज ऐकला मात्र, रहाटावर पूर्ण जोर टाकला.

गाडी टोकाला गेल्यावर सुकन्या म्हणाली की तिला परत बसायचंय. सारजाआत्यांच्या तोंडाची चालती बाजू वर गेली.

अशा सहा फेऱ्या झाल्या. लोक आता काश्मीरच्या बाजेकडेच जास्त बघत होते. इतकी वर्षं आपल्याला घाबरवणारी ही, असं एकमेकांना सांगत होते, आणि बायका पुढे होऊन त्यांच्या हाताला हात लावून जात होत्या. हसू प्रत्येक फेरीत बारीक होत चाललं होतं. सहाव्या फेरीनंतर बिरूआबांनी रहाटावरूनच विचारलं, “सारजे, बास का?” करवंटी दोनदा वाजली. म्हणजे अजून एक.

सातव्या फेरीला आप्पासाहेब एकटे बसले. तिथं दुसऱ्याला जागाच नव्हती. टापा वाजल्या. बिरूआबांनी दात खाऊन रहाट फिरवला, गाडी कण्हत कण्हत बाजेपर्यंत आली. सारजाआत्यांनी वारा सोडला. तो त्यांनी जरा जास्तच जोराने सोडला असावा, कारण भोवतीची लोकर उडाली आणि निम्मं काश्मीर आप्पासाहेबांवर बसलं. टोपीवर, खांद्यांवर, आणि मिशीवर तर असं की त्यांना शिंक येईना आणि जाईना. ते तसेच, चेअरमनला शोभेल अशा ऐटीत, समोर अड्ड्याकडे बघत बसून राहिले.

सारजाआत्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या हसायला लागल्या. खरं हसायला. खांदे हलत होते, डोळ्यातून पाणी येत होतं, डाव्या हाताने त्या पोट धरत होत्या. पण आवाज मुळीच येत नव्हता. अंगणातली माणसंही हसू दाबत गप्प राहिली. तिकडे बिरूआबा पाठ करून, नाडा ताणून, हसू ऐकू यायची वाट बघत उभे होते. मानेच्या शिरा दिसत होत्या. कुणीतरी त्यांना ओढा म्हणून सांगायला हवं होतं. माझं तोंड उघडलं होतं. पण ती खूण देणं माझं काम नव्हतं, हे मला त्या दिवसापुरतं तरी कळलं.

बराच वेळ गेला. सारजाआत्यांनी पदराने डोळे पुसले आणि उशीवर मान टाकली. त्या दमल्या होत्या. आप्पासाहेबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा रहाटाकडे बघितलं आणि आवाज न करता काश्मीरमध्येच उतरले. गाडी हलकी झाली तसा नाडा सैल पडला. बिरूआबांनी तेव्हा मान वळवली.

लोक गेल्यावर मी लोकर गोळा करत होतो. बिरूआबा शेजारी उकिडवे बसले.

“काय झालं हुतं?”

“हसल्या,” मी म्हणालो. “खूप हसल्या.”

“मग ऐकू का न्हाय आलं?”

मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी हातातली लोकर पिंजत पिंजत सगळं ऐकलं, आणि मिशीचा भाग दोनदा सांगायला लावला.

त्यानंतरच्या जत्रेला फेरी लागली नाही. सारजाआत्यांना आधी विचारलं होतं आणि त्यांनीच नाही म्हणून सांगितलं, गादी पुन्हा उसवायची नाही म्हणाल्या. बिरूआबा आता कुणालाही सांगतात की फेरी हिनं बंद ठेवलीय, आणि हे सांगताना त्यांची छाती जरा पुढे येते. मी जुन्या अंकांना हात लावत नाही.

आप्पासाहेब मात्र ऐकत नाहीत. भिगवणच्या बाजारात दिसले की जीप थांबवून मला जवळ बोलावतात, कारखान्याची बातमी सांगतात, ऊस किती गेला ते सांगतात आणि शेवटी म्हणतात, “त्या बिरूला निरोप द्या. मला काश्मीरपातूर आणून सोडलंय. अड्डा दाखवायचा राहिलाय अजून.” मी निरोप देतो. बिरूआबा आत बघतात. सारजाआत्या डाव्या हाताने गादी थोपटतात आणि त्यांना आप्पासाहेबांची मिशी आठवते, हे लांबूनही दिसतं. आवाज अजून येत नाही. हसू ऐकू येईपर्यंत गाडी पुढे जायची नाही, आणि तोवर डाळजची अर्धी फेरी देणं आहे.